घरून एक माणूस

पर्सनल ट्रेनर म्हणजे काय, हे बाबूजींना समजावताना मी साफ हरलो. नागपूरला कोर्स केला, तिथल्याच एका जिममध्ये काही वर्षं काढली आणि एका उन्हाळ्यात सामान बांधून गोंदियाला परत आलो. बाबूजी ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी त्यांना सांगितलं, लोक माझ्याकडे येतील, मी त्यांच्याकडून व्यायाम करून घेईन आणि ते मला पैसे देतील. अडकित्ता थांबला.

"म्हंजे थकतील ते, अन् पैसेही देतील तेच?"

"हो."

"मंग त्यायले आपल्या बांधीत पाठव ना. रोवण्याले मानसं भेटत नाही. मी वरून चहाही पाजतो."

बांधी म्हणजे आमची धानाची शेतं आणि रोवणा म्हणजे तिथली लावणी. बाबूजींचा सगळा जीव तिथे. पिढ्यान् पिढ्या धान लावणाऱ्या आमच्या घरात घाम गाळणं हे काही विकत घ्यायचं सुख नव्हतं. तरी त्यांनी मला सरळ नाही म्हटलं नाही. मुदत दिली. "धान घरी येतपर्यंत पाहतो. नाही जमलं त मामाच्या मिलवर बसजो."

मामांची राइस मिल गावाबाहेर आहे. तिथे वजनकाट्याशेजारी एक खुर्ची आहे आणि तिच्यावर बसून येणारे-जाणारे कट्टे, म्हणजे पोती, बघायचे, एवढंच काम. मी लहानपणापासून त्या खुर्चीवर माणसं बसताना पाहत आलोय. बसताना सडपातळ असलेल्या प्रत्येकाचं पोट, तो उठला तेव्हा, त्याच्या आधी दाराबाहेर पडलं. मला त्या खुर्चीची खरोखर भीती वाटायची.

म्हणून मी जोमाने कामाला लागलो. बाजारात एका गोदामाच्या वर हॉल भाड्याने घेतला. खाली तांदळाचा कोंडा साठवलेला असायचा, त्यामुळे माझ्याकडे व्यायाम केलेला माणूस घरी गेला की घरचे विचारायचे, मिलवरून आलास का? चटया टाकल्या, डंबेल्स मांडले, एक मोठा आरसा लावला. पहिल्या बॅचला बऱ्यापैकी लोक आले. आणि पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं, भात बंद.

एका शाळेतल्या बाईंनी हात वर केला. "सर, मंग खाऊ काय?"

"पोळी खा."

"पोळी त भातासंग खातोच ना आम्ही."

पुढच्या आठवड्यात हॉलमध्ये मी होतो आणि पंखा होता. बाबूजींच्या कानावर हे गेलं. त्यांना हसू आवरेना. "गोंदियात बसून भात सोडा म्हनून राहिला! कायले लोकं तुलेच नाही सोडतीन?" मला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. मी घरोघरी फोन केले. भात खा, फक्त ताटात एकदाच घ्या, अशी तडजोड केली. काही जण परत आले.

त्यात एक सेठजी आले. आमच्याच मामांसारखे मिलमालक, पण धंदा मामांपेक्षा मोठा आणि पोटही. डॉक्टरांनी त्यांना शुगरवरून चांगलंच घाबरवलं होतं. त्यांना बॅच नको होती, सकाळी एकट्याला शिकवणारा माणूस हवा होता. मला तर आकाश ठेंगणं झालं. असे दोन-चार सेठजी मिळाले की मामांच्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसेल, असा माझा हिशेब.

तीन-चार दिवस सेठजी नेमाने आले. मग एका सकाळी त्यांच्याऐवजी त्यांचे मुनीमजी जिना चढून वर आले. खिशाला पेन, पायात कातडी चपला. म्हणाले, "सेठजी रायपूर गए हैं. मुझे भेजा है." मी त्यांना चटई दिली. त्यांनी खिशातलं पेन न काढता उठाबशा काढल्या. दुसऱ्या दिवशी सेठजींचा पुतण्या आला. मग ड्रायव्हर. मग बालाघाटहून पाहुणा आलेला सेठाणींचा भाऊसुद्धा एक दिवस येऊन गेला आणि जाताना म्हणाला की बहिणीच्या घरी इतका पाहुणचार त्याचा कधी झाला नव्हता. अधूनमधून सेठजी स्वतःही दिसायचे.

आता कुणी विचारेल, तुला यात काही वावगं वाटलं नाही का? खरं सांगतो, अजिबात नाही. आमच्या गावात रोवण्याला एकमेकांच्या बांधीत जायची पद्धत. आज तुमच्याकडे आमचं माणूस, उद्या आमच्याकडे तुमचं. आमच्याकडून कोण येईल हे कुणी विचारत नाही. बाप येवो, सून येवो, भाऊ येवो. घरून एक माणूस बांधीत उभं राहिलं की घराचा शब्द राहिला. लग्नाला तसंच, मयतीला तसंच, देवळाची साफसफाई निघाली तरी तसंच. त्यामुळे मुनीमजी आले तेव्हा मीच त्यांना मोठ्या तोंडाने म्हणालो होतो, "चला, सेठजींची आजची हजेरी लागली."

महिना सरला आणि सेठजी वजनाला उभे राहिले. मागे मुनीमजी उभे. काटा जिथे थांबला तिथे थांबायला नको होता. सेठजींनी उतरून पुन्हा पाय ठेवला. पुन्हा तेच.

"सरजी, एक दिन नागा नहीं हुआ. फिर वजन बढ़ा कैसे?"

"सेठजी, आप कितने दिन आए?"

"मैं नहीं आया तो क्या हुआ? घर से तो रोज़ कोई ना कोई आया."

निम्म्या मनाने मला त्यांचं पटत होतं. पण माझं डोकं तापट. उत्तर सुचलं नाही की मी तिरसट बोलतो. "सेठजी, आपके बदले मुनीमजी खाना खा लें, तो आपका पेट भरेगा क्या?"

मुनीमजींनी नजर पंख्याकडे नेली. सेठजी चपला घालून जिना उतरले. मी चटईवर बसलो. डोळ्यांसमोर मामांची खुर्ची आली. तोंडाला आवर घालता आला असता तर बरं झालं असतं, असं स्वतःला बजावत बसलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जिन्यावर बरीच पावलं वाजली. पुढे सेठजी, मागे मुनीमजी, पुतण्या, ड्रायव्हर. सेठजींच्या चेहऱ्यावर भलताच अन्याय झाल्याचा भाव. "मुनीमजी की कमर का दर्द चला गया," ते म्हणाले, "मेरे पैसे से!" आता ते रोज स्वतः येणार होते. पण मुनीमजी काही जागा सोडायला तयार नव्हते. पुतण्यालाही दंड दिसू लागले होते. तिथेच त्या चौघांची जुंपली. कधी नव्हे तो मी गप्प राहून ऐकत होतो आणि ऐकता ऐकताच मला धंद्याची वाट दिसली.

मी माणसामागे नाही, दर घरामागे एक जागा द्यायला सुरुवात केली. ज्याची शुगर, ज्याचे गुडघे, त्याने जास्तीत जास्त दिवस स्वतः यायचं. ज्या दिवशी नाहीच जमलं, त्या दिवशी घरून दुसरं माणूस यायचं. जागा रिकामी ठेवायची नाही. लोकांना हे लगेच कळलं, भात सोडण्यापेक्षा फार सोपं होतं. सासू-सुना आलटून पालटून येऊ लागल्या, शाळेतल्या बाई आल्या, सराफ्यातले दोघे भाऊ आले. मोठा फायदा मला नंतर समजला. एकटा माणूस व्यायाम पटकन सोडतो. पण इथे सोडायचं तर अख्ख्या घराचं एकमत व्हायला हवं, आणि आमच्या भागात अख्ख्या घराचं एकमत कशावरच होत नाही. दसऱ्यापर्यंत हॉल भरला.

मी छाती फुगवून बाबूजींना सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "अन् तू पडला त?"

"म्हणजे?"

"तुले ताप आला, पाय मुरगळला, त? हे दुकान तुझ्या अंगावर आहे. अंग बसलं का दुकान बसलं. त्या लोकायच्या घरून दुसरं मानूस येते. तुझ्या घरून कोन जाईन?" वर म्हणाले, "मिलची खुर्ची ताप आला तरी जागेवरच राहते."

नागपूरच्या कोर्समध्ये शरीरातले सगळे स्नायू शिकवले होते, हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून मी पायऱ्याही जपून उतरू लागलो. शिंक आली तरी धसका बसायचा. मुदत जवळ येत होती, धान पिवळं पडत होतं.

आणि नेमका कापणीच्या ऐन धांदलीत मला ताप चढला. साधासुधा नाही, अंथरुणातून मान उचलवेना असा. सकाळी डोळे उघडले तेव्हा उन्हं वर आली होती. बॅचची वेळ टळून गेली होती. लोकांना कळवायचंही राहिलं होतं. गेलं सगळं, असं वाटून मी धडपडत उठायला लागलो, तर आईने खांद्याला धरून खाली निजवलं.

"झोप गुमान. बाबूजी गेले."

"कुठं?"

"तुझ्या हॉलवर. छत्री घेऊन."

पाऊस संपून महिना झाला होता. मी भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. हॉलची किल्ली नव्हती.

तिथे काय झालं ते मला पुढे प्रत्येकाने वेगवेगळं सांगितलं, पण सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. बाबूजी हॉलमध्ये शिरले आणि म्हणाले, "पोराले ताप आहे. घरून मी आलो. लागा कामाले." यात कुणालाच काही नवल वाटलं नाही. त्यांना एकाही व्यायामाचं नाव ठाऊक नव्हतं. रोवण्याच्या वेळी बांधावर उभे राहतात तसे ते छत्री बगलेत धरून भिंतीपाशी उभे राहिले आणि विचारलं, "काल काय केलं होतं?" कुणीतरी म्हणालं, स्क्वॉट. "मंग तेच करा." किती? "मी थांबा म्हनतपर्यंत."

आणि त्यांना थांबा म्हणायची सवयच नाही. सेठजी मध्येच कंबरेवर हात ठेवून उभे राहिले, तर बाबूजी त्यांच्यासमोर जाऊन उभे. "काऊन सेठ, रोवणा अर्धा टाकून कोनी घरी जाते का?" सेठजी पुन्हा स्क्वॉटला वाकले. सगळं झाल्यावर बाबूजींनी खालच्या टपरीवरून सगळ्यांसाठी चहा मागवला. राबलेल्या माणसाला चहा न पाजता घरी पाठवणं त्यांना जमत नाही. सेठजींसाठी तेवढा बिनसाखरेचा सांगितला. सेठजी मला नंतर म्हणाले, "आपके बाबूजी तो आदमी को आदमी नहीं समझते." हे ते फार आदराने म्हणाले. तेव्हा त्यांना जिना धरून धरून चढावा लागत होता, पण ते चढून आले होते.

बाबूजी घरी आले, छत्री कोपऱ्यात टेकवली आणि माझ्या कपाळाला हात लावला.

"बाबूजी, तुम्ही कायले गेले? आपला धान कापून राहिले ना?"

"धानावर तुझा काका उभा आहे," ते म्हणाले. "तुझ्या हॉलवर आपल्या घरचं मानूस नको का?"

मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावता लावता, फारसं महत्त्वाचं नसल्यासारखं बोलले, "रस्त्यात मामाचा फोन आला होता. खुर्ची खाली आहे म्हने. मी सांगून देलो, आमच्या घरी मानूस रिकामा नाही."

मी भिंतीकडे तोंड केलं. मला रडू आलं, इतका आनंद मला हॉल भरला त्या दिवशीही झाला नव्हता. आईने डोळे का भिजले विचारलं, मी म्हणालो ताप आहे. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा बाबूजी बांधीवर जायला निघाले होते. खिळा अजून रिकामाच होता. हॉलची किल्ली त्यांनी सदऱ्याच्या खिशातच ठेवली होती.