पिंपातलं सुट्टं तेल

घरात रिक्षा एकच. सकाळी दादा चालवायचा, दुपारनंतर मी. राहायला अंधेरीला, धंदा बहुतेक साकीनाका ते कुर्ला. तेव्हाच्या रिक्षांना पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागे. मी सीलबंद डबा आणायचो. दादा नाक्यावरच्या दुकानातून पिंपातलं सुट्टं तेल घ्यायचा.

"तेल ते तेल रे. इंजिन काय चव बघतं?"

त्या उन्हाळ्यात गाडी काळा धूर सोडायला लागली, चढावर करकरायला लागली. मी पुन्हा तेलाचा विषय काढला तेव्हा त्याने माझ्या कानाखाली वाजवली. मग मी तो विषय सोडला.

एका दुपारी मी पाळी बदलायला नाक्यावर उभा होतो. दादा उतारावरून येत होता आणि चालत्या गाडीत पिस्टन जाम झाला. मागची चाकं जागीच अडकली, रिक्षा फिरून आडवी पडली. आतल्या बाईचं कपाळ दांडीवर फुटलं. मी पोचेपर्यंत लोक दादाला बाहेर ओढून तुडवत होते.

"पिऊन चालवतो साला."

दादाने आयुष्यात थेंब घेतला नव्हता. मी त्याच्या अंगावर पडलो, एक लाथ माझ्या बरगडीत बसली. शेवटी ती बाईच रक्त पुसत म्हणाली, "सोडा त्याला. गाडीच अडकली." तिला दवाखान्यात नेलं.

दादाने सीटखालचा पाना काढला आणि थेट त्या तेलाच्या दुकानात शिरला.

"तेलाने इंजिन बसत नाही," दुकानदार म्हणाला. "तू गाडी रगडतोस."

दादाने पाना उगारला. मी त्याचा हात धरला, तरी पाना दुकानदाराच्या खांद्यावर बसलाच. पिंप कलंडलं. त्या तेलात आम्ही सगळे घसरत होतो. दुकानदाराच्या भावाने दादाच्या डाव्या मनगटावर लोखंडी पाइप घातला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं.

मेकॅनिकने इंजिन खोललं. पिस्टनवर खोल चरे, टाकीच्या तळाशी काळा गाळ. कुणाचं तरी जळकं तेल गाळून विकलेलं. इंजिन बांधून घेतलं आणि त्यात सीलबंद तेलच घालून मी ती रिक्षा पुढे कित्येक वर्षं चालवली. ती कधी अडली नाही. दादाचं मनगट मात्र वाकडं जुळलं. रिक्षाचा क्लच आणि गिअर डाव्या हाताला, त्यामुळे त्याची रिक्षा सुटली. एका कारखान्याच्या गेटवर तो वॉचमन झाला.

त्या दिवसाबद्दल तो एकदाच बोलला, जेवता जेवता. "मी डोक्यावरच मारत होतो. तू हात धरलास म्हणून खांद्यावर लागला."

त्याने भात मागून घेतला.