अकरा मिनिटं दाबलेलं बटण

समजा, तुमच्यासमोर जुना रेडिओ-संच आहे. बोलायचं तर माइकचं बटण दाबायचं, ऐकायचं तर 'ओव्हर' म्हणून सोडायचं. दोन्ही एकदम होत नाही. आता नऊ वर्षांचे व्हा. घरात एकटे, जवळचा शेजारी सत्तर किलोमीटरवर, आणि त्या खोक्यातून कुणीतरी हाक मारतंय. काय कराल?

रोवेनानं बटण दाबलं होतं.

आता ती बावन्न वर्षांची आहे. ऐकणारी यंत्रं बनवते. तिचा एक बाक बसणाऱ्याच्या श्वासाबरोबर उजळतो. तिची एक पाण्याची टाकी कुजबुजीला ओ देते. हाताखाली शिकणारी पोरं विचारतात, "तुमच्या एकाही कामात बटण कसं नाही?"

"माझा अंगठा वाईट आहे," ती म्हणते. पोरं हसतात.

ती वाढली ऑस्ट्रेलियात, पश्चिम क्वीन्सलँडच्या गुरांच्या रानात. शाळा रेडिओवर, बायकांच्या गप्पाही रेडिओवर.

"ग्लेनिस, आजही केक बसला का गं तुझा? ओव्हर."

"केकचं सोड. तुझा नवरा कुंपण बांधतोय की सावलीत घोरतोय? ओव्हर."

आई, म्हणजे ग्लेनिस, खिदळायची. बाबा, म्हणजे डेस, बिघडलेला संच कुंपणाच्या तारेच्या तुकड्यानं जिवंत करायचा. "आधी कान लाव, मग हात," हे त्याचं ब्रीद. आणि मर्व्हकाका. तो शेजारचा एकटा म्हातारा शाळेच्या तासात घुसून कोडी घालायचा. बाई चिडायच्या. आपल्याला न दिसणारा माणूस आपल्याला हसवू शकतो, हे रोवेना त्याच्याकडून शिकली.

ती नऊ वर्षांची असतानाच्या फेब्रुवारीत डेस दूरच्या कुंपणावर होता आणि आई ट्रक घेऊन बोअरवर गेली होती. भर दुपारी संच खरखरला.

"कुणी आहे का? मर्व्ह बोलतोय. गाडी उलटली, पाय अडकलाय. ओव्हर."

"मर्व्हकाका, मी रो! मी ऐकतेय. कुठं आहात तुम्ही?"

एवढं बोलून तिनं भीतीनं माइक दोन्ही हातांनी घट्ट आवळला. 'ओव्हर' म्हणायचं राहिलं. बटण सोडायचं राहिलं. समोरून चकार शब्द नाही. काका घाबरला असेल, म्हणून ती त्याचीच कोडी त्याला घालू लागली. भिंतीवरचं घड्याळ तिला दिसत होतं. अकरा मिनिटं.

मग अंगणात ट्रक करकचून थांबला आणि आई धावत आत आली. "बटण सोड, रो! अगं, सोड!"

सोडल्यावर नुसती खरखर.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेसला मर्व्ह सापडला, कोरड्या ओढ्यात. गेलेला. रोवेनाला कुणी एका शब्दानं बोललं नाही. घरात ती गोष्ट पुन्हा निघालीच नाही. तिचा अंगठा मात्र अजून झोपेत आपोआप दाबला जातो.

गेल्या महिन्यात लाँगरीच गावच्या सभागृहात तिनं पहिल्यांदा बटण असलेलं काम मांडलं. टेबलावर तोच संच. खोलीभर स्पीकरमधून माणसांचे आवाज. बटण दाबलं की सगळे गप्प.

एक्याऐंशीची ग्लेनिस काठी टेकत आली. तिनं बटण दाबलं, खोली मुकी झाली. बराच वेळ तिनं बोट काढलं नाही.

"तू कोडी घालत होतीस," ती एकदम म्हणाली. "ट्रकमधल्या संचावर मी ऐकत होते, फक्त तुझाच आवाज येत होता. ओरडत होते तुला, पण तुला कुठलं ऐकू यायला!"

"आणि आता तूही दाबून धरलंयस," रोवेना पुटपुटली. मग तिनं धीर केला. "आई, काकाला ऐकू आली असतील ती कोडी?"

"त्यानं बटण सोडलं असेल तर आली असतील. डेस म्हणाला, माइक हातातच होता."

"आणि अंगठा? बटणावर होता?"

"ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही गं."

डेसला जाऊन चार वर्षं झाली. रोवेनानं आईचा हात हलकेच उचलला. खोलीतले आवाज परत आले. त्या गलबल्यात ती अजून एकच आवाज शोधत उभी होती. त्या अकरा मिनिटांत मर्व्हकाका आपला ठावठिकाणा सांगत होता, की तिची कोडी ऐकत होता?