भिशीच्या तीन किल्ल्या

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे आपोआप साठतात. टाकवत नाहीत, आणि ठेवून करायचं काय तेही कळत नाही! परवा एका मैत्रिणीने विचारलं, "क्रिप्टोत आहेस म्हणजे मजा असेल ना तुझी?" मी म्हटलं, "बाई गं, माझा चेहरा बघ आणि मग बोल."

आधी ओळखी करून देते. अंधेरीच्या एमआयडीसीत एक गाळा. खाली पुठ्ठ्याचे खोके बनतात, वर आम्ही चौघं बसतो. निरंजन मालक. त्याची आयडिया अशी, की भिशी ब्लॉकचेनवर आणायची. बायकांनी रुपये देऊन आमची नाणी घ्यायची, दर महिन्याला नाणी भिशीत टाकायची. भिशी सांभाळणारी बाई पैसे घेऊन पळाली, हा प्रकारच बंद, कारण भिशी बाईकडे नाहीच, प्रोग्रामकडे! तो प्रोग्राम लिहिणारा कदम. हिशेब आणि कागदपत्रं सावंतकाकांकडे. बँकेतून रिटायर झालेले, मूळचे मालवणकडचे. आणि मी मनीषा. सिक्युरिटी माझ्याकडे. म्हणजे दिवसभर बाकीच्या तिघांवर ओरडणं माझ्याकडे.

आमची पहिली भिशी कुणाची? माझ्या आईची! मुलुंडच्या तिच्या अकरा मैत्रिणी. त्यांना ब्लॉकचेनमधलं ओ की ठो कळत नाही. त्यांचा विश्वास आईवर, आणि आईचा माझ्यावर. या वर्षी दसऱ्यानंतरची भिशी सुमनकाकूंची होती, आणि त्या भरवशावर त्यांनी गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा घेतली होती. मी रोज सकाळी आल्या आल्या त्या भिशीचा आकडा बघायचे. आहे ना? आहे. मग चहा.

*

भिशी प्रोग्रामकडे असली, तरी तिच्या तिजोरीची किल्ली आमच्याकडेच होती. ही किल्ली म्हणजे काय, तर चोवीस इंग्रजी शब्द. शब्द ज्याच्याकडे, तिजोरी त्याची. ते कागदावर लिहायचे, कुणाला दाखवायचे नाहीत, फोटो तर काढायचाच नाही. हे मी निरंजनला पहिल्या दिवशी तीनदा सांगितलं.

त्याने ऐकलं. कागदावर लिहिले. मग वाटलं, कागद फाटेल, लॅमिनेट करून घेऊ. मग खाली उतरायचा कंटाळा आला. मग फोटो काढला आणि झेरॉक्सवाल्याला पाठवून दिला!

मी चपला न घालता खाली धावले. झेरॉक्सवाल्याने छान कडक लॅमिनेशन हातात ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, यात एक वर्ड दोनदा आला होता. मिस्टेक असेल म्हणून मी एक उडवला. त्याचे पैसे नाही लावले!"

दोन दिवस खपून सगळं नव्या तिजोरीत हलवलं. त्या वेळी काका एकच वाक्य म्हणाले. "बँकेत एका सहीवर कधी तिजोरी उघडली नाय." मग पेनड्राइव्हसारखी तीन छोटी यंत्रं घेतली, प्रत्येकात एक किल्ली. एक निरंजनकडे, एक माझ्याकडे, एक काकांकडे त्यांच्या घरी. तिघांपैकी दोघांनी सही केली तरच पैसा हलणार.

कदमला यंत्र दिलं नाही. त्याला राग आला होता. का दिलं नाही, ते ऐका.

*

कदम पोरगा हुशार, पण हात फार सैल. कोड सगळ्या जगाला बघता येईल अशा ठिकाणी टाकायचा असतो, म्हणजे लोकांचा विश्वास बसतो. कदमने टाकला, आणि त्यासोबत चाचणीच्या तिजोरीची किल्लीही टाकली.

मी बघितलं तोवर तिजोरी साफ! नशीब, चाचणीची होती. पाचशे-सातशे रुपये असतील. मी तोंडाचा पट्टा सोडला. अर्धा तास बोलले. मेल्या, जगात असे प्रोग्राम फिरत असतात, ते सेकंदा-सेकंदाला हेच शोधतात, तुला काही अक्कल आहे की नाही!

कदम शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे आपला कोड कुणीतरी वाचला ना?"

चार वर्षांत त्याच्या कोडला मिळालेला तो पहिला वाचक होता.

*

आमच्या माहितीपत्रकात लिहिलंय की आमचं नेटवर्क सात कॉम्प्युटरवर चालतं. एक बंद पडला तरी सहा चालू. एका जागेवर अवलंबून राहायचंच नाही, हाच तर या सगळ्याचा मुद्दा.

एकदा पैसे गुंतवायला म्हणून घाटकोपरचे एक शेठ आले. आल्यावर कदमने कौतुकाने त्यांच्या चहासाठी इलेक्ट्रिक किटली लावली. फट्! दिवे गेले, पंखे गेले, आणि नेटवर्कही गेलं. सातही कॉम्प्युटर आमच्याच गाळ्यात, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर!

शेठनी अंधारात विचारलं, "तुम्ही तर म्हणत होता, सगळे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत?"

कदम म्हणाला, "हो ना सर. तीन वेगळ्या टेबलांवर आहेत."

शेठ चहा न पिता गेले. किटली मी घरी नेली.

*

बाहेरच्या माणसांकडून कोड तपासून घ्यायला लागतो. चांगली कंपनी जे पैसे मागते, त्यात आमचा वर्षाचा पगार निघेल. म्हणून निरंजनने स्वस्तातली एक शोधून काढली. चार दिवसांत रिपोर्ट! रंगीत, चाळीस पानी. 'गंभीर दोष: शून्य.'

निरंजनने पेढे आणले. मी पेढा खात खात रिपोर्ट चाळला. सातव्या पानापासून पुढे सगळीकडे नाव दुसऱ्याच प्रोजेक्टचं. कुठल्यातरी कोंबड्यांच्या गेमचं. 'अंडी उबवण्याची प्रक्रिया सुरक्षित आढळली.'

"निरंजन, हा आपला रिपोर्टच नाहीये!"

त्याने पान बघितलं, दुसरा पेढा उचलला आणि म्हणाला, "पण निष्कर्ष चांगला आहे ना यार!"

*

आमच्या ग्राहकांचा एक ग्रुप आहे. अडचण आली तर तिथे विचारायचं, मी उत्तर देते. म्हणजे सगळ्यांवर ओरडून झालं, की संध्याकाळपर्यंत देते.

एक दिवस आईचा फोन. "अगं, तुमच्याकडे तो नवीन मुलगा कोण आहे? किती गोड बोलतो! शोभाला ॲप उघडत नव्हतं, तर दोन मिनिटांत उत्तर. काकू काकू करत सगळं समजावून दिलं."

नवीन मुलगा आमच्याकडे नव्हताच! आमचंच चिन्ह लावून, आमचंच नाव घेऊन एक भामटा ग्रुपमध्ये बसला होता. आधी मदत करायची, ओळख वाढवायची आणि आठवड्याने ज्याच्या-त्याच्या तिजोरीचे चोवीस शब्द मागायचे, ही त्यांची रीतच असते. त्याला बाहेर काढला, अकराही बायकांना एकेक फोन केला. शोभाकाकूंना खरोखर वाईट वाटलं. म्हणाल्या, "चोर असेल, पण तुझ्यासारखा वसकन अंगावर येत नव्हता गं."

हे मी ऑफिसात सांगितलं. कदम हसला. निरंजन मात्र विचारात पडला. "मनीषा, राग मानू नकोस. पण त्याला आपण नोकरीवर ठेवलं तर?"

खरं सांगू? त्या दिवशी मला राग आलाच नाही. आला तो फक्त कंटाळा. घरी जाऊन मी नुसती बसून राहिले. वाटलं, या सगळ्यात जागी अशी मी एकटीच, आणि मलाही आता झोप येतेय.

*

आता खंडेनवमीचं सांगते. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

ऑफिसात सकाळी पूजा झाली. कॉम्प्युटरना झेंडूचे हार घातले, कदम पेढे घेऊन घरी गेला. निरंजन बायकोच्या माहेरच्यांबरोबर मनोरीला गेला होता. काका बोरिवलीला आपल्या घरी. मी एकटीच ऑफिसात, निघायच्या बेतात.

बाराच्या सुमारास निरंजनचा मेसेज आला. 'भिशीत भोक पडलंय. कुणीतरी पैसे काढतंय. मी नवी तिजोरी उघडली आहे, सगळं तिकडे हलव. सही कर.' मागोमाग तिथूनच फोन. आवाज तुटत होता, पण त्याचाच. "मनीषा, लवकर कर यार, वाट लागलीये! माझं यंत्र बोटीत भिजलं, चालू होत नाहीये. तू कर आणि काकांची घे."

डोळ्यांसमोर सुमनकाकूंचा गुडघा! मी यंत्र लावलं, सही केली. नव्या तिजोरीचा पत्ता तपासला का? नाही. लोकांना चार वर्षं ज्याच्यासाठी ओरडले, ते मी स्वतः केलं नाही.

काकांना फोन केला. सगळं भडाभडा सांगितलं. मग काका म्हणाले, "मनीषा, यंत्र पूजेत ठेवलंय गो. उद्या उत्तरपूजा. तोपर्यंत मी त्येका हात लावचंय नाय."

"काका, अहो, पैसे चाललेत!"

"कळता माका. पण पूजेतली वस्तू आमच्यात उचलनत नाय."

मी काय काय बोलले, ते आता आठवलं तरी लाज वाटते. म्हटलं, "तुमच्या हळदीकुंकवापायी अकरा बायका बुडतील, त्यांना काय तोंड दाखवणार आहात? तुम्ही म्हातारे झालात, तुम्हाला ठेवलं हेच चुकलं!" काकांनी फोन ठेवला नाही. सगळं ऐकून घेतलं. शेवटी मीच ठेवला.

मेट्रो पकडली, मागाठाण्याला उतरले, रिक्षावाल्याशी भांडत त्यांच्या घरी पोचले. वाटेत निरंजनचा पुन्हा पुन्हा मेसेज, 'काकांची झाली का?' मी उलट त्याच्या नंबरवर फोन लावत होते, तर लागत नव्हता. तेव्हाही डोक्यात काही आलं नाही! काकींनी दार उघडलं. काका देवघरासमोर पाटावर बसले होते. समोर कोयता, अडकित्ता, काकींची शिवणाची कात्री, बँकेतलं जुनं पेन, आणि मधोमध ते यंत्र. वर हळदकुंकू, झेंडूचं फूल.

"काका, बाजूला व्हा."

ते झाले नाहीत. मी त्यांच्या खांद्यावरून वाकले आणि यंत्र उचललं. फूल खाली पडलं. त्यांनी मला अडवलं नाही, नुसते डोळे मिटून घेतले. "आकडा सांगा काका, चालू करायचा आकडा!" ते बोलेनात. मी रडत होते, ओरडत होते, काकी दारात पदर तोंडाशी धरून उभ्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. निरंजन. मागे बोटीचा भोंगा. "काय गं, एवढे मिस्ड कॉल? आत्ता मार्वेला उतरलो, मनोरीत रेंजच नव्हती. आणि ऐक ना, माझं मेसेजचं अकाउंट सकाळी निघतानाच बंद पडलंय, उघडतच नाही. तू काही केलंस का?"

मी पाटाशेजारी बसले आणि भिशीचा आकडा बघितला.

चोराने निरंजनच्या अकाउंटमध्ये घुसून आमचं सगळं वाचलं होतं, आणि फोनवरचा आवाजही कॉम्प्युटरवर बनवलेला होता! पण माझ्या एका सहीवर काही हललं नव्हतं. भिशी होती तिथेच होती. तिथेच बसून, हुंदके देत, मी आधी निरंजनला सगळं सांगितलं आणि ती सही रद्द करायला लावली. मग यंत्र होतं तिथे ठेवलं. फूल उचलून वर ठेवलं. माझी बोटं कुंकवाने लाल झाली होती. काकींनी पाणी दिलं.

मला काकांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. म्हटलं, "काका, मला माफ करा. तुम्हाला फोनवरच संशय आला होता ना? तेव्हाच का नाही सांगितलंत?"

काकांनी उपरण्याने डोळे पुसले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की तेही रडत होते.

"संशय कसलो? नाय गो," काका म्हणाले. "माका तां सगळा खराच वाटला."