मातीवरचा अंगठा

रंगात मिसळायच्या जवसाच्या तेलाची बाटली उघडली, की परभणीच्या बागेतला तो रविवार आठवतो. बागेच्या कुंपणाला मी माझी चित्रं विकायला टांगली होती. बागेतल्या गुलमोहराची चित्रं हातोहात खपायची. जवळच्या पिंगळी गावच्या काळ्या रानाचं मोठं चित्र मात्र "लय काळं झालंय" म्हणत लोक सोडून जायचे. रंग अजून ओला होता. वैतागून मी त्यावर हिरवा चढवायला ब्रश उचलला, तेवढ्यात धोतरातले एक आजोबा समोर थांबले. बराच वेळ पाहत राहिले. मग शेतात शिरावं तशा चपला बाजूला काढल्या, वाकले आणि मी नको म्हणेपर्यंत चित्रातल्या मातीवर अंगठा दाबला. "ताई, वापसा आलाय की रानाला! उद्याच पेरा, आता थांबू नका." मग काळा झालेला अंगठा पाहून बिचारे ओशाळले. मी ब्रश पुसून ठेवला. ते चित्र आज माझ्या घरात आहे. मागणारे पुष्कळ येतात, मी देत नाही. उजव्या कोपऱ्यात, जिथं चित्रकार सही करतो, तिथं त्यांचा अंगठा आहे. माझं नाव त्याच्या खाली, बारीक अक्षरात.