बावखल कोणी बुजवलं?

"कविता ऐकवायला वसईपर्यंत? आणि पेट्रोल कोण देणार?" आईने विचारलं. कोणीच नाही, हे सांगायची हिंमत झाली नाही. शनिवारी सकाळी सहाला मी आणि माझा डफवाला मित्र समीर नाशिकहून निघालो.

जव्हार-मनोरमार्गे या. घाट सुंदर, खड्डे भरपूर, मनोरनंतर ट्रकच ट्रक. पाच तास धरा. वसईतल्या भुईगावात, जिथे आमचा कार्यक्रम होता, मात्र गाडी चर्चच्या मैदानातच लावा. आम्ही हट्टाने गल्लीत घुसलो आणि एक आरसा कुंपणाला देऊन आलो.

मुक्काम रेमी अंकलच्या वाडीत. खोली आणि जेवण मिळून माणशी आठशे, त्यात सुरमईचं कालवण पोटभर. कार्यक्रमही त्यांनीच ठरवलेला.

पाच वाजता अंगणात चाळीसेक माणसं जमली. माझी कविता बावखलांवर. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. वसईची केळी, फुलं त्यावरच जगली, आणि आता भराव टाकून ती बुजवतात. डफाच्या ठेक्यावर मी विचारायचं, "बावखल कोणी बुजवलं?" आणि लोकांनी ओरडायचं, "आम्ही नाही!" नाशिकला यावर सभागृह दणाणतं.

इथे एकही आवाज आला नाही. मला वाटलं, लाजतायत. म्हणून पुन्हा, आणखी जोरात विचारलं.

रेमी अंकल उठले. "मी," ते म्हणाले. "तू उभी हाय ना बाय, तिथंच व्हतं. पोराच्या घरासाठी भरलं."

मी खाली पाहिलं. लाल मुरूम, छान चोपलेला. दुपारी मीच समीरला म्हणाले होते, स्टेजला काय मस्त सपाट जागा आहे!

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठून पुढे यायला लागले. "यांचे मोठे भाऊ," पुढे बसलेल्या लीना आंटी, अंकलच्या पत्नी, घाबरून मला म्हणाल्या. "बावखल बुजलं नि त्यांच्या विहिरीचं पानी खारं झालं. दोन वर्षं बोलत नाय. आज पयल्यांदा आलेत."

झालं, म्हटलं, माझ्या कवितेने आता मारामारी होणार.

ते अंकलसमोर थांबले. "बस, रेमी," म्हणाले. "पोरीला पुरं करू दे."

आंटी रडायलाच लागल्या. पुढच्या कडव्यात मी बुजवणाऱ्यांना शिव्या घातल्या होत्या. समीर बिचारा नुसता ठेका धरून राहिला. शेवटी मी हात जोडले आणि खाली बसले.

सकाळी दोघे भाऊ ओट्यावर चहा पीत होते. बोलणं फारसं नाही, पण ओटा एकच. कळंबचा किनारा आमचा राहिलाच, तुम्ही चुकवू नका.

घरी आल्यावर आईला पहिला प्रश्न केला, "आपल्या पार्किंगच्या जागी आधी काय होतं?"

"विहीर," ती सहज म्हणाली. "सगळ्यांनी मिळून बुजवली. तू लहान होतीस. का गं?"

ती कविता मी याच घरात बसून लिहिली होती. 'आम्ही नाही' ही ओळ आता खोडली आहे. तिथे काय यायला हवं, ते कळलंय. रेमी अंकल ते चाळीस माणसांसमोर म्हणाले. मला अजून आरशासमोरही जमलेलं नाही.