पंधरा चोक साठ

सेनगावात खताच्या दुकानाच्या माडीवर राम सरांचा गणिताचा क्लास आहे. या माणसाइतका स्वतःच्या हुशारीवर खूश असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला तीन रंगांचे पेन, आणि तोंडात एकच मंत्र: पायरीला मार्क असतो.

‘तीन क्ष अधिक पाच बरोबर वीस’ असं फळ्यावर लिहायचं, पाच उचलून पलीकडे वजा करून ठेवायचा. तीन क्ष बरोबर पंधरा, म्हणून क्ष बरोबर पाच. शिला नावाच्या पोरीनं एकदा विचारलं, “सर, पाच पलीकडं गेल्यावर वजा काहून होतंय?”

“परीक्षेत ‘का’ विचारत नाहीत,” सर म्हणाले. पोरं हसली आणि शिला खाली बसली.

सरांचा बाप मसाजी मेंढरं राखतो. पोटच्या पोराला तोही ‘सर’च म्हणतो. पोरगं बापाला कधी ‘असं म्हणू नका’ म्हणालं नाही. आवडत असणार.

यंदा उन्हाळ्यात मसाजीचा कळप शिरड शहापूरला पुंजाजीच्या शेतात बसायला गेला. मेंढरं रात्री शेतात जाळीच्या कुंपणात कोंडायची, लेंडीखत शेताला मिळतं, मेंढपाळाला ज्वारी. मसाजी जाळी नेहमी चौकोनी लावायचा, बाजू पंधरा मीटर. पण पुंजाजीकडे मोकळी होती ती चिंचोळी पट्टी: एका अंगाला उभा भुईमूग, दुसऱ्या अंगाला रस्ता. रुंदी जेमतेम तीन मीटर. कळपात नुकतीच जन्मलेली कोकरं होती, त्यांच्यावरच म्हाताऱ्याचं सगळं वर्ष होतं. त्याचा जीव धजेना.

रविवार होता, सर आलेले होते. बापानं विचारलं, “सर, मावतील का हो?”

सरांनी काठीनं मातीत गणित मांडलं. “पंधरा चोक साठ. जाळी साठ मीटर. आता लांबी सत्तावीस, रुंदी तीन. बेरीज तीस, दुप्पट साठ. जाळी तेवढीच, म्हंजी जागा तेवढीच.”

“बराबर,” मसाजी म्हणाला. समोरची पट्टी बोळासारखी दिसत होती, पण शिकलेल्या लेकापुढं म्हाताऱ्यानं डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही. मेंढरं रेटून रेटून आत घातली.

पहाटे रस्त्यानं एक ट्रॅक्टर भोंगा वाजवत गेला. मेंढरं बिचकली आणि सगळी एका टोकाला लोटली. वळायला जागाच नव्हती. उजाडल्यावर जाळी सोडली, तेव्हा चार कोकरं पायांखाली चेंगरून मेलेली होती.

सरांची आई बनाबाई एकेक कोकरू उचलून बांधावर ठेवत होती. सरांनी पुन्हा काठी घेतली. इतका निगरगट्टपणा येतो कुठून, देव जाणे. “पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. सत्तावीस गुणिले तीन, एक्याऐंशी. जागा निम्म्याहून कमी झाली, म्हणून चेंगरली.” उत्तराखाली दोन रेघा मारल्या, क्लासमध्ये मारतात तशाच.

बनाबाई उठली. “तुला येत होतं हे?”

“सातवीचं तर हाय.”

“मंग काल काहून केलं न्हाईस?”

“काल क्षेत्रफळ विचारलंच नव्हतं कुणी.”

खरंच असं म्हणाला, आईच्या तोंडावर. मी त्या वेळी पुंजाजीच्या बैलांना पाणी पाजत होतो. थुंकावंसं वाटलं, पण शेत दुसऱ्याचं होतं.

मसाजी इतका वेळ बांधाकडे बघत बसला होता. तो उठला, मातीतलं गणित तुडवत जाळीकडे गेला आणि मागं न बघता म्हणाला, “राम्या, खुंट्या उपट.”

इस्त्रीच्या शर्टानं वाकून खुंट्या उपटल्या. त्या दिवसापासून बापानं त्याला सर म्हटलेलं नाही.