दिव्यावरची पट्टी

ट्रेलर चालवणाऱ्याने टायरला घाबरू नये, असं म्हणतात. म्हणणारे बहुतेक करून टेबलामागे बसलेले असतात. ठोकेकाका टायरला घाबरायचे, आणि पोटासाठी त्याच टायरांवर दिवसभर बसायचे.

हे नाव त्यांना गाड्यांच्या यार्डातल्या मंडळींनी दिलेलं. गाडी थांबली की काका टामी, म्हणजे चाकं खोलायचा लोखंडी दांडा, घेऊन उतरत आणि एकेक टायर ठोकत मागपर्यंत जात. भरलेला टायर खणखणीत वाजतो, हवा गेलेला भद्द. चहा थंड होवो की मालक ओरडो, ठोकून झाल्याशिवाय काका जागचे हलत नसत. ऐन तरुणपणी त्यांच्या पुढच्या गाडीचा टायर घाटात फुटला होता. त्या ड्रायव्हरला बाहेर ओढायला पहिले धावले ते काका. तिथे काय पाहिलं, ते त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

मग यार्डात नवे ट्रेलर आले, आपोआप हवा भरणारे. टायरची हवा उतरली की ज्या टाकीतल्या हवेवर ब्रेक चालतात तिच्यातलीच हवा नळीने आपणहून तिकडे जाते. जात असेपर्यंत ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्यावर एक पिवळा दिवा लागतो. ड्रायव्हरने तो आरशात बघायचा, बस.

यार्डात यावर जो तो बोलू लागला. एक जण म्हणाला, "पंक्चर झालं तरी मुक्कामाला पोचवतं की! आणखी काय पाहिजे तुम्हाला, पाय चेपून?"

"आणि ब्रेकची हवा टायरने खाल्ली, तर थांबायचं कशाने, तुझ्या मिशीने?" दुसरा म्हणाला. यंत्र बसवणाऱ्या मेकॅनिकने शपथेवर सांगितलं की ब्रेकपुरती हवा राखून ठेवलेली असते. त्या दुसऱ्याला काही ते पटलं नाही.

सगळ्यात जुना ड्रायव्हर विडी विझवत म्हणाला, "गोड बोलून गळा कापणारं आहे हे. टायरला भोक पडलंय हेच तुला कळू देत नाही."

काकांचा जावई त्याच यार्डात होता. लग्नाआधी तो त्यांना काका म्हणायचा, लग्नानंतरही जीभ वळली नाही. त्याचं मत सरळ होतं. "दिवा लागला तर उतरू. नाही लागला तर उगाच कंबर कशाला मोडायची, काका?"

काकांची पंचाईत निराळीच होती. त्यांना दिव्याचीच धास्ती बसली. सकाळी टायर थंड असले की जराशी हवा लागे आणि दिवा पेटे. आरशात पिवळं दिसलं की काकांच्या तळहातांना घाम फुटे, नजर आरशात अडकून बसे, आणि रस्ता राही समोर पोरका. एकदा अशा नादात पुढच्या स्कूटरवाल्याला उडवता उडवता वाचले. त्याने दिलेल्या शिव्या रास्त होत्या. यार्डात परतल्यावर काकांनी काळी चिकटपट्टी घेतली आणि दिव्यावर दुहेरी लावून टाकली. आपल्याकडे टामी आहे, दिवा काय करायचाय, अशी मनाची समजूत घातली. तेव्हापासून ते पुन्हा निवांत गाडी चालवू लागले.

आणि मग दाढ दुखायला लागली. गाल असा सुजला की जबडा मिटेना. मालकाने एक दिवस सुट्टी दिली, गाडी जावयाकडे सोपवली. मुलगी बापाला दवाखान्यात घेऊन आली आणि बाहेरच्या बाकावर बसली.

डॉक्टरीणबाईंनी हिरडीत सुई टोचली, जीभ जड होईपर्यंत थांबल्या आणि डोक्यावरचा दिवा ओढून तोंडावर लावला.

दिवा.

काकांना आठवलं. जावई टामी वापरत नाही. जावई दिवा बघतो. आणि दिवा तर आपण बुजवलाय!

ते खुर्चीतून उठले. बाई हसल्या. "एवढी मोठी गाडी चालवता आणि दाढेला भिता?" काकांनी उत्तर दिलं, पण तोंडातून नुसता बुडबुडा निघाला. गळ्यात बाईंनी बांधलेला रुमाल तसाच लटकत असताना ते बाहेर आले आणि जावयाला फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. उचलणार कसा? चालत्या गाडीत फोन घ्यायचा नाही, हे त्याला काकांनीच बजावलेलं. शहाणा मुलगा, सासऱ्याचं ऐकत होता.

"बाबा, दाढ काढली?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली. मुलीला सांगावं लागणार होतं, आणि ते त्यांना टायर फुटण्याइतकंच भयंकर वाटत होतं. त्यांनी जड जिभेने कसंबसं म्हटलं, "फंपावर फोन कर. घाटाच्या वरच्या. गाडी थांबव. दिव्यावर फट्टी आहे. काढायला सांग."

"कसली पट्टी?"

"आधी कर!"

मुलीचा चेहरा उतरला. यार्डातल्या गाड्या घाट उतरण्याआधी त्या पंपावर डिझेल घेत, हे तिला माहीत होतं. तिने यार्डातून पंपाचा नंबर मिळवला. पलीकडचा माणूस म्हणाला, "बघतो, आत्ताच एक निघाली वाटतं," आणि फोन ठेवला.

बाकावर दोघं बसून राहिली. काकांना डोळे मिटायची भीती वाटत होती, मिटले की तो जुना घाट दिसत होता. मुलगी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. तोंडाची बधिरता ओसरू लागली आणि दाढ पुन्हा ठणकायला लागली, तरी फोन येईना.

आला तेव्हा मुलीने तो दोघांना ऐकू येईल असा लावला.

"अगं, फाटकातून परत बोलावलं मला पंपवाल्याने," जावई म्हणाला. "पट्टी काढली तर दिवा ढणाढणा पेटलेला. जोडचाकातला आतला टायर चिरलाय, बोट जातंय आत. कधीपासून हवा ओढत होता कुणास ठाऊक. पण तिथे बसून तुला पट्टीचं कसं कळलं?"

मुलीने फोन बापापुढे धरला.

"मी लावली, जावईबापू," काका म्हणाले. या वेळी शब्द स्पष्ट आले.

 मग जावई म्हणाला, "मी सकाळपासून एकदाही टायर बघायला उतरलो नाही हो, काका. दिवा नव्हता ना."

"टायर बदलल्याशिवाय हलू नका तुम्ही," मुलगी म्हणाली आणि तिने फोन बंद केला. आतून डॉक्टरीणबाई हाका मारत होत्या. ती उठली नाही. बापाकडे वळून तिने विचारलं, "आणखी कुठे कुठे लावल्यात पट्ट्या?"

ती रागाने बोलली होती, तिला उत्तर नको होतं. पण काका खरंच आठवू लागले. गाडीतले दिवे त्यांनी मनातल्या मनात एकेक करून तपासले, आणि ब्रेकची हवा कमी पडल्याचं सांगणाऱ्या दिव्यापाशी येऊन ते थांबले. त्यावरही पट्टी होती.